अर्ध्यावरच्या लढाया

भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं ते 1 मे 1995 रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत 'स्वॅट कॅट्स'चा गाशा गुंडाळला गेला होता. दोन बोके दिवसा भंगारवाड्यातल्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतात आणि संकट आलं की टर्बोकॅट नावाचं जेट विमान काढून मेगाकॅट सिटी वाचवायला निघतात, अशी ती मालिका. ट्रेम्ब्ले बंधूंची कल्पना, हॅना-बार्बेराची निर्मिती, मोसम जेमतेम दोन. आपल्याकडे या बोक्यांनी एका अख्ख्या पिढीला याड लावलं, पण आपल्या मुलांनी जीव लावला तेव्हा मालिका आधीच संपलेली होती. नवे भाग येतील म्हणून पोरं वर्षानुवर्षं वाट पाहत राहिली आणि तिकडे तीन भाग काम सुरू असतानाच टाकून दिलेले होते. चाहते अजूनही टेड टर्नर यांच्या नावाने बोटं मोडतात. वाहिनीचे मालक तेच होते आणि कार्टूनमधली हिंसा त्यांना खपत नसे. ट्रेम्ब्ले बंधूंनी 2015 मध्ये लोकवर्गणी काढून मालिका उठवायचा प्रयत्न केला. 2020 मध्ये तिरुअनंतपुरमच्या टून्झ मीडियाने त्यांच्याबरोबर नवी आवृत्ती काढण्याची घोषणा केली. ही भागीदारी केरळातून व्हावी याला अर्थ आहे, कारण या बोक्यांची खरी आठवण आता भारतातच उरली आहे.

हाणामारीच्या कार्टूनचा चाहता हा टीव्हीच्या प्रेक्षकांमधला सगळ्यात निष्ठावान आणि सगळ्यात कुरकुरा माणूस. साठ वर्षांत त्याच्या तक्रारींची यादी फारशी बदललेली नाही. दृश्यं कापली, वेळ बदलली, तेच ते भाग पुन्हा लावले, गोष्ट ताणली, गोष्ट मध्येच सोडली. तक्रारी पाच दिसतात, पण भांडण एकच आहे. या मालिकांना क्रम लागतो आणि शेवट लागतो. वाहिनीला दोन्ही अडचणीचे. 'टॉम अँड जेरी' कुठूनही लावा, कुठेही थांबवा, मध्ये बिस्किटाची जाहिरात घाला, काही बिघडत नाही. 'ड्रॅगन बॉल झी'मधला गोकू मरून परत येतो ती गोष्ट मात्र बुधवारचा भाग चुकला की गुरुवारी कळत नाही. चाहत्याची भक्ती आणि चडफड दोन्ही इथूनच निघतात, असं मला वाटतं. मारामारीचं प्रेम हे त्यातलं वरवरचं कारण.

गंमत अशी की आक्षेप घेणाऱ्यांचा रोखही बहुतेक वेळा याच लढाऊ मालिकांवर राहिला. टॉमच्या डोक्यात ऐरण पडते, तो घडीच्या पंख्यासारखा चुरगळतो आणि पुढच्या क्षणी धावायला लागतो. यावरची हरकत त्या मानाने कमी असायची. पण माणसासारखा माणूस, त्याच्या हातात शस्त्र आणि मारल्यावर समोरचा खरंच पडतो, हे आलं की कात्री बाहेर निघायची. 1966 च्या सुमारास अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी शनिवारची सकाळ महानायकांनी भरून टाकली. 'सुपरमॅन', 'स्पेस घोस्ट', पाठोपाठ 'हर्क्युलॉइड्स'. धंदा जोरात चालला. मग 1968 उजाडलं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, देशात हिंसेची चर्चा पेटली आणि सगळ्यात सोपी मान सापडली ती कार्टूनची. एकदोन वर्षांत ही मंडळी पडद्यावरून हद्दपार झाली. सप्टेंबर 1969 मध्ये त्याच सिल्व्हरमननी त्याच हॅना-बार्बेराकडून 'स्कूबी-डू' आणलं. त्यात भूत खोटं असतं आणि कुणी कुणाला मारत नाही. 1973 मध्ये 'सुपर फ्रेंड्स' आलं तेव्हा जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, सुपरमॅन, मुष्टियुद्ध सोडून वाहतूक पोलिसासारखा लोकांना बाजूला करण्यात रमला होता.

याच 1968 मध्ये बॉस्टनजवळ पेगी शॅरन आणि त्यांच्या ओळखीच्या आयांनी 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. चाहत्यांच्या पुराणात या बाई खलनायिका आहेत. ते अन्यायाचं आहे. शॅरन बंदीच्या विरोधात होत्या. त्यांचा राग जाहिरातींवर होता: मुलांना गिऱ्हाईक समजू नका. आणि पुढे घडलं ते नेमकं तेच. 1984 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची मर्यादा काढून टाकली. त्याच्या एक वर्ष आधी मॅटेल कंपनीच्या बाहुल्यांवरून बेतलेलं 'ही-मॅन' सुरू झालं होतं. आता दुकानातलं खेळणं हाच नायक आणि मालिका त्याची अर्ध्या तासाची जाहिरात.

'ही-मॅन'चे भाग किती, तर 65 आणि पुन्हा 65. हा आकडा कुणा लेखकाने गोष्टीच्या हिशोबाने काढलेला नाही. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, तेरा आठवडे: झाले पासष्ट. एवढा साठा असला की स्थानिक केंद्रांना तो विकता येतो आणि संपला की पहिल्यापासून फिरवता येतो. अमेरिकी कार्टूनच्या पुढच्या दोन दशकांवर या पासष्टचं राज्य होतं. कंकालमुखी स्केलेटर कधीच कायमचा हरत नाही आणि कधीच जिंकत नाही, कारण शेवट झाला तर चाक थांबेल. ही-मॅनजवळ तलवार आहे, पण ती तो कुणाच्या अंगावर चालवत नाही. शत्रूला उचलतो आणि चिखलात फेकतो. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून तात्पर्य सांगतो. आपल्याकडे दूरदर्शनवर हे पाहिलेल्यांना ते तात्पर्य आठवणार नाही, पण तलवार उंचावतानाची आरोळी नक्की आठवेल.

खेळण्यांच्या या राज्यात चाहत्याचं प्रेम किती खरं होतं हे कंपन्यांना कळलं ते 1986 मध्ये. 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला मारलं. कारण साधं: जुनी खेळणी मागे घ्यायची होती, नवी फळीवर मांडायची होती. हॅस्ब्रोच्या दृष्टीने तो एक संपलेला माल होता. थिएटरात मुलं हमसून रडली, पालकांची पत्रं आली, आणि पुढच्याच वर्षी मालिकेत ऑप्टिमसला जिवंत करावं लागलं. त्याच धसक्याने 'जी.आय. जो'च्या चित्रपटात ड्यूक या नायकाचं मरण रद्द करून त्याला बेशुद्धीवर भागवण्यात आलं. लेखकांनी ज्याला पात्र म्हणून लिहिलं आणि कंपनीने माल म्हणून विकलं, त्याला मुलांनी माणूस मानलं होतं. (या 'जी.आय. जो'चा आपल्याशीही धागा आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघालेल्या फनस्कूलने हे सैनिक गोव्यातल्या कारखान्यात बनवले. त्यांचे रंग मूळ खेळण्यांपेक्षा काहीच्या काही वेगळे असत. परदेशातले संग्राहक आज तेच भलते रंग शोधत फिरतात.)

कात्रीबद्दल चाहते सगळ्यात जास्त ओरडतात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. 1992 मध्ये फॉक्स वाहिनीवर 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरीज' आलं. ब्रूस टिम यांनी एक खट्याळ चित्र काढलं होतं. वाहिनीने मनाई केलेल्या सगळ्या गोष्टी एकाच चौकटीत कोंबल्या: फुटणारी काच, दारू, सिगारेट, बंदूक, गळा दाबणं, संकटातलं मूल. पण या बंधनांतून त्या मंडळींनी काय काढलं ते पाहा. पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवली, त्यामुळे गॉथम शहर अंधारातून उगवल्यासारखं दिसतं. रॉबिनचे आईबाप झुल्यावरून पडतात तो प्रसंग आठवा. पडताना कुणी दिसत नाही, फक्त सावली पुढे जाते आणि तुटलेला दोर मागे येतो. मुलांसाठीच्या टीव्हीवर मृत्यू इतका थेट क्वचितच दाखवला गेला असेल, आणि त्यात कापण्यासारखं काहीच नव्हतं.

उलट उदाहरण 1994 च्या 'स्पायडर-मॅन'चं. तिथे कात्रीने गोष्ट मोडली. नायकाला ठोसा मारायची जवळजवळ बंदी, पोलिसांच्या हातातसुद्धा लेझरच्या बंदुका, आणि मॉर्बियस नावाचा रक्तपिपासू रक्त पीत नाही, तळहातावरच्या चोषकांनी 'प्लाझ्मा' शोषतो. हे बघताना भीती न वाटता हसू येतं.

आणि मग 'ड्रॅगन बॉल झी'. अमेरिकेत 1996 मध्ये ही मालिका आली तेव्हा पहिल्या 67 भागांचे कापून 53 करण्यात आले होते. मेलेले लोक मरत नसत, 'दुसऱ्या मितीत' जात. नरकातल्या दोन राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत 'हेल' लिहिलेलं होतं. त्याची मधली अक्षरं संगणकावर बदलून त्याचं 'एचएफआयएल' केलं आणि अर्थ लावला 'होम फॉर इन्फिनिट लूझर्स'. नापा हा खलनायक विमानं उडवून देतो तेव्हा गोकूचा साथीदार तिएन घाईघाईने सांगतो की वैमानिकांची हवाई छत्री दिसतेय, सगळे सुखरूप आहेत. चाहते यावर आजही विनोद करतात, आणि मला त्यात एक गोष्ट दिसते. जे बदललं होतं तेच त्यांना पाठ झालं. कुठे काय कापलं याचा नकाशा मनात घेऊन ही मुलं जपानी कॅसेट शोधायला निघाली, उपशीर्षकं वाचायला शिकली, काहीजण तर जपानी शिकले. कात्री लावणाऱ्यांनी नकळत अभ्यासकच घडवले. म्हणून कापाकापी ही तक्रारींमधली सगळ्यात मोठ्या आवाजाची असली तरी सगळ्यात कमी नुकसानीची आहे, हे माझं मत. कापलेलं नंतर सापडतं. न बनवलेलं सापडत नाही.

आता भक्तीकडे वळू, कारण ती कुठे जमली याचा पत्ता नेमका सांगता येतो. अटलांटा शहर, 17 मार्च 1997. कार्टून नेटवर्कवर दुपारी शाळा सुटल्यावरच्या दोन तासांत 'टूनामी' नावाचा पट्टा सुरू झाला. शॉन एकिन्स आणि जेसन डिमार्को या दोघांचं हे काम. हाताशी पैसा फार नव्हता. सुरुवातीला माल जुनाच होता: 'थंडरकॅट्स', 'व्होल्ट्रॉन', 'जॉनी क्वेस्ट'. सूत्रसंचालक म्हणून 'स्पेस घोस्ट'मधला जुना खलनायक मोल्टार. 1999 मध्ये त्याच्या जागी टॉम नावाचा यंत्रमानव आला, जो अवकाशयानातून हे कार्यक्रम प्रक्षेपित करतो अशी कल्पना.

टूनामीने जे केलं ते वाहिन्या सहसा करत नाहीत. मधल्या जागेकडे त्यांनी लक्ष दिलं. दोन भागांच्या मध्ये आरडाओरडा करणारे निवेदक नव्हते. धीमं इलेक्ट्रॉनिक संगीत, शांत आवाज, कधी व्हिडिओ गेमचं परीक्षण, कधी धीर धरण्याबद्दल किंवा रागाबद्दल दोन मिनिटांचं बोलणं. टॉम मुलांशी मुलांसारखा बोलत नसे. स्टीव्ह ब्लम यांनी 2000 पासून त्याला दिलेला आवाज थोरल्या भावासारखा होता, ज्याला तुमच्यासारखंच पुढचा भाग बघायची घाई आहे. जाहिरातपट्ट्यांना आवाज पीटर कलन यांचा, म्हणजे साक्षात ऑप्टिमस प्राइमचा. ज्यांना तो ओळखू आला त्यांच्यासाठी तो इशारा होता की इथे आपली माणसं बसली आहेत. 2000 साली तर त्यांनी आठवडाभर रोज थोडी थोडी उलगडणारी स्वतःचीच गोष्ट रचली. यानावर एक घुसखोर शिरतो, टॉम त्याच्या तोंडी जातो आणि नव्या शरीरात परततो. म्हणजे दोन कार्यक्रमांमधल्या फटीतही क्रम आणि शेवट.

'ड्रॅगन बॉल झी' टूनामीवर आली 31 ऑगस्ट 1998 ला. तेव्हा हाताशी तेच 53 भाग होते. नामेक ग्रहावर गोकू गिन्यू फोर्ससमोर येऊन उभा राहतो आणि तिथे गोष्ट थांबते. पुढचा भाग म्हणून पुन्हा रॅडिट्झ पृथ्वीवर उतरतो. असं वर्षभर चाललं. सप्टेंबर 1999 मध्ये टेक्ससच्या फनिमेशनने पुढचे भाग नव्या आवाजांत आणले तेव्हा जी मुलं धावत घरी आली असतील, त्यांच्या मनाची अवस्था ज्याला समजत नाही त्याला हा सगळा लेखच व्यर्थ. मार्च 2000 मध्ये 'गंडम विंग' आलं आणि टूनामीने एक धाडस केलं. दुपारी कापलेली प्रत, मध्यरात्री न कापलेली. दुपारी त्यातला ड्युओ हा योद्धा स्वतःला मृत्यूचा देव म्हणवत नसे, विनाशक म्हणवत असे. रात्री तो खरं बोलत असे. मुलांनी दोन्ही बघितल्या आणि ताडून पाहिल्या.

मग नेहमीचं सुरू झालं. एप्रिल 2004 मध्ये रोजची दुपार काढून घेतली आणि टूनामी शनिवारी रात्री ढकलला. 20 सप्टेंबर 2008 ला बंदच केला. टॉमने निरोप घेतला. साडेतीन वर्षांनी, 1 एप्रिल 2012 च्या रात्री, प्रौढांसाठीच्या 'अ‍ॅडल्ट स्विम'ने एप्रिल फूल म्हणून एका रात्रीपुरता टूनामी लावला. चाहत्यांनी इतका गदारोळ केला की 26 मे पासून तो खरोखर परतला. चाहत्यांच्या आरडाओरड्याचा विजय म्हणून हा किस्सा सांगितला जातो. मला त्यात थोडं वेगळं दिसतं. परत आला तो मध्यरात्री, मोठ्यांसाठी. दुपारी शाळेतून येणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला तो मिळाला नाही. जुन्या मुलांची आठवण वाचली, नव्या मुलांची दुपार गेली ती गेलीच.

जपानकडे बोट दाखवून काहीजण म्हणतात, तिकडे असं होत नाही, तिकडे गोष्टीला मान आहे. थोडं खरं, बरंचसं नाही. योशियुकी तोमिनो यांची 'मोबाइल सूट गंडम' 1979 मध्ये सुरू झाली. प्रायोजक होती क्लोव्हर ही खेळणी कंपनी. खेळणी खपेनात, प्रेक्षक कमी, म्हणून 52 भागांची गोष्ट 43 वर उरकली. मालिका संपल्यावर बांडाईने त्याच यंत्रमानवांची जुळवायची प्लास्टिक मॉडेलं बाजारात आणली आणि मग दुकानांपुढे रांगा लागल्या. 1981-82 मध्ये तीन संकलित चित्रपट आले आणि गंडम अजरामर झालं. खेळण्यानेच मारलं, खेळण्यानेच तारलं.

जपानचा खरा दोष उलट्या टोकाचा, ताणण्याचा. साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येणाऱ्या चित्रकथेवरून मालिका बनते आणि लवकरच कथेला गाठते. मग काय करणार? 'ड्रॅगन बॉल झी'त खलनायक फ्रीझा सांगतो की नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटेल आणि ती पाच मिनिटं जवळजवळ दहा भाग चालतात. 'नारुतो'च्या 220 भागांपैकी शेवटचे सुमारे 80 भाग मूळ कथेत नसलेल्या पाणीभरतीचे. निष्ठावान माणूस तेही बघतो, कारण एखाद्या भागात काहीतरी महत्त्वाचं निघालं तर? 2009 मध्ये 'ड्रॅगन बॉल झी'चीच गाळीव आवृत्ती 'काई' नावाने काढावी लागली, ही त्या पाण्याची जाहीर कबुली.

अमेरिकेत मात्र 2008 नंतर तक्रारीचं केंद्र एकाच ठिकाणी सरकलं: मध्येच तोडणं. 'स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन' 26 भागांवर थांबली. मालिका वाईट नव्हती. डिस्नेने मार्व्हल विकत घेतलं, हक्क सोनीकडून हलले, गोष्ट करारात अडकली. तिचेच एक निर्माते ग्रेग वाइझमन यांची 'यंग जस्टिस' 2013 मध्ये बंद झाली, कारण मॅटेलची खेळणी खपली नाहीत आणि त्यांनी पैसा काढून घेतला. त्याच वर्षी लेखक पॉल डिनी यांनी एका मुलाखतीत जाहीरपणे सांगितलं की अधिकाऱ्यांना या मालिका मुलींनी बघितलेल्या नको असतात, कारण मुली खेळणी घेत नाहीत. यावर बरीच खळबळ उडाली. मला त्यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट ही वाटते की प्रेक्षक कमी होते म्हणून नव्हे, तर चुकीचे प्रेक्षक आले म्हणून मालिका नापास झाली. पुढे 'यंग जस्टिस' 2019 मध्ये परत आली, तेव्हा खेळण्यांचा संबंध नव्हता. लोक ती ऑनलाइन पुन्हा पुन्हा बघत होते एवढंच कारण.

निकलोडियनने 'लेजंड ऑफ कोरा'शी जे केलं ते वेगळ्या जातीचं. 2014 च्या जुलैमध्ये तिसरा खंड अर्ध्यावर असताना टीव्हीवरून काढला आणि उरलेले भाग इंटरनेटवर टाकले. गोष्ट पूर्ण झाली, पण टीव्हीने तिला घराबाहेर काढून पूर्ण केली.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पदर होता, तो म्हणजे वेळेची अनिश्चितता. सुरुवातीच्या वर्षांत कार्टून नेटवर्क रात्री नऊला संपायचं आणि त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने हॉलिवूडपट सुरू व्हायचे. नऊला पाच कमी असताना लढाई रंगात आलेली असायची, आणि आई जेवायला वाढून हाका मारत असायची. त्यात केबलवाल्याचं वेगळंच राज्य. आमच्याकडच्या केबलवाल्याने एका दिवाळीत क्रमांकच बदलून टाकले आणि कार्टून कुठे गेलं हे शोधायला गल्लीतली पोरं रिमोट घेऊन बसली होती. नंतरच्या लोडशेडिंगच्या दिवसांत तर पुढचा भाग म्हणजे महावितरणच्या वेळापत्रकावर अवलंबून असलेली गोष्ट. शाळेच्या पटांगणात ज्याच्या घरी वीज होती तो दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगणारा कीर्तनकार असायचा. त्यात तो स्वतःचंही मीठमसाला घालायचा, त्यामुळे काही लढाया मी अशा ऐकल्या आहेत ज्या कुठल्याच मालिकेत नाहीत.

आणि हे सगळं हिंदीतून. गोकूची ओळख आपल्या मुलांना हिंदीतून झाली, मराठीतून नाही. मुंबईच्या डबिंग स्टुडिओंत या पात्रांना जो आवाज मिळाला त्याच्यावर महाराष्ट्रातल्या मुलांनी जीव लावला. म्हणून आज तीस-पस्तीस वर्षांची मराठी माणसं मराठीत गप्पा मारताना लढाईचा प्रसंग आला की हिंदीवर घसरतात. 2004 मध्ये आलेल्या अ‍ॅनिमॅक्सने जपानी मालिकांचा वेगळा दरवाजा उघडला, पण तो 2017 मध्ये बंद झाला.

भारतीय कार्टून वाहिन्यांनी यातून जो धडा घेतला तो पासष्टवाल्यांचाच. 2008 पासून चालणारा 'छोटा भीम' हाणामारी करतो, लाडू खातो, जिंकतो आणि ढोलकपूरमध्ये सगळं पूर्ववत होतं. कुठलाही भाग कुठेही लावता येतो. लहानांना तो आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याला कुणी शाळेच्या मधल्या सुट्टीत 'पुढे काय झालं?' असं विचारत नाही. त्या मानाने 2021 ची 'द लेजंड ऑफ हनुमान' वेगळी निघाली. सलग गोष्ट, खरा संघर्ष, शरद केळकरांच्या आवाजातला रावण. आणि ती टीव्हीवर न येता स्ट्रीमिंगवर आली, याचा काय तो अर्थ लावावा.

स्ट्रीमिंगने प्रश्न सोडवला असं काही वर्षांपूर्वी वाटत होतं. क्रम तुमच्या हातात, वेळ तुमच्या हातात, कात्री नाही. पण ऑगस्ट 2022 मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने एचबीओ मॅक्सवरून डझनांनी कार्यक्रम काढून टाकले, त्यात 'इन्फिनिटी ट्रेन' होतं. पुढे अवकाशातल्या 'फायनल स्पेस'चीही तीच गत. निर्मितीचा खर्च तोटा दाखवून करात वळता करायचा असेल तर तो कार्यक्रम नंतर दाखवता येत नाही. पूर्वी मालिका बंद व्हायची, पण पुन:प्रक्षेपण व्हायचं. आता मागचेच भाग नाहीसे होतात. रिपीटला शिव्या देणारा चाहता आज रिपीटची आठवण काढतो आहे.

गर्दी मात्र आटलेली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत लागला आणि मुंबई-पुण्यात पहाटेचे खेळसुद्धा भरले. टीव्हीवर ज्यांची चडफड झाली तीच माणसं आता तिकीट काढतात. मराठी आवृत्ती तेव्हाही नव्हती.

शेवट हवा, शेवट हवा, असं म्हणणाऱ्यांना एकदा तो मिळालाही. गेंडी टार्टाकोव्हस्कींचा 'समुराय जॅक' 2001 ला सुरू झाला आणि 2004 मध्ये 52 भागांनंतर अर्ध्यावर थांबला. जॅक भविष्यात अडकलेला, घरी परतायची वाट सापडलेली नाही, खलनायक अकू जिवंत. तेरा वर्षं चाहत्यांनी तगादा लावला. अकूला आवाज देणारे माको 2006 मध्ये वारले. 2017 मध्ये टूनामीनेच जॅकला परत आणलं. दाढी वाढलेला, थकलेला, तलवार हरवलेला. दहा भाग. 20 मे ला शेवटचा भाग लागला: जॅक भूतकाळात परततो, अकू मरतो आणि ज्या मुलीच्या मदतीने हे घडलं ती लग्नाच्या मांडवात विरघळून जाते, कारण तिचा जन्मच आता होणार नाही. त्याच रात्री चाहते दोन गटांत फुटले. एक गट म्हणतो की दहा भागांत घाई केली, अजून दहा हवे होते. दुसरा म्हणतो की मुलीला न्यायची गरजच नव्हती. मी पहिल्या गटात आहे. शेवटच्या दोन भागांतली घाई मला अजूनही खटकते, आणि दुसऱ्या गटातला माझा एक मित्र त्यावर आजही फोनवर अर्धा तास भांडू शकतो.